सायलिक आम्लाचा फरक दर वेळी वेगळा का येतो? ग्लायकोपेप्टाइडांच्या तुलनेतील वारंवार येणारी अडचण

अडचण अशी आहे. मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या व्यक्तींच्या सीरममधील हॅप्टोग्लोबिन या प्रथिनावरील शर्करासाखळ्यांची तुलना मास स्पेक्ट्रोमेट्रीने केली, तेव्हा पहिल्या खेपेस मधुमेही गटात सायलिक आम्ल (साखळीच्या टोकावर बसणारी एक आम्लधर्मी शर्करा) असलेली ग्लायकोपेप्टाइडे, म्हणजे साखळी जोडलेले प्रथिनाचे तुकडे, स्पष्टपणे कमी दिसली. तेच सीरम पुन्हा घेऊन, नमुने नव्याने तयार करून पाठवले, तेव्हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. तिसऱ्या खेपेस तो परत आला, पण उलट दिशेने. यंत्र तेच, पेप्टाइडे वेगळी करणारा कॉलम तोच, सॉफ्टवेअर तेच आणि सीरमही त्याच फ्रीजरमधले. अशा वेळी माणूस सर्वप्रथम संख्याशास्त्राकडे धाव घेतो, नमुन्यांची संख्या वाढवतो आणि एका खेपेची चूक तीन खेपांत पसरवून ठेवतो. आम्हीही तेच केले होते.

आमची प्रयोगशाळा नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला आहे आणि आमच्याकडे मास स्पेक्ट्रोमीटर नाही. प्रथिनांचे ट्रिप्सिन या विकराने तुकडे (पेप्टाइडे) करणे, त्यांतून ग्लायकोपेप्टाइडे वेचून काढणे आणि ती वाळवणे इथपर्यंतचे काम नाशिकला होते. वाळवलेल्या नळ्या बर्फाच्या खोक्यात घालून सिन्नर-संगमनेर मार्गे पुण्याला एका सामायिक सुविधेत नेल्या जातात. लहान शहरांतील बहुतेक गटांची व्यवस्था अशीच असते, म्हणून आमची तपासणी ज्या क्रमाने झाली त्याच क्रमाने ती येथे मांडत आहे. एक खुलासा आधीच करते: आलेखावर जे उंच टोक दिसते त्याला आपण सगळे बोलताना ‘पीक’ म्हणतो, परंतु नाशिकमध्ये पीक म्हटले की द्राक्ष किंवा कांदाच डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे मी ‘शिखर’ असे लिहिणार आहे.

आकडा नेमका कशाचा?

ग्लायकोपेप्टाइडाच्या शिखराखालचे क्षेत्रफळ ही एकच राशी दिसत असली, तरी ती निदान पाच गोष्टींचा गुणाकार असते: नमुन्यात ते प्रथिन किती आहे, त्या प्रथिनाच्या किती रेणूंवर त्या विशिष्ट स्थानी साखळी जोडलेली आहे, जोडलेल्या साखळ्यांपैकी ही विशिष्ट साखळी किती आहे, वेचताना तिच्यापैकी किती हाती लागली आणि हाती लागलेल्यापैकी किती आयन होऊन यंत्रात पोचली. आपल्याला बहुधा तिसऱ्या गोष्टीत रस असतो, पण मोजला जातो तो पाचांचा गुणाकार. हॅप्टोग्लोबिनच्या बाबतीत पहिलीच गोष्ट अडचणीची आहे, कारण शरीरात कुठेही दाह असला की यकृत हे प्रथिन जास्त प्रमाणात बनवते. ज्या व्यक्तीच्या हिरड्या सुजलेल्या आहेत तिच्या सीरममध्ये हॅप्टोग्लोबिनची सर्वच ग्लायकोपेप्टाइडे जास्त दिसतील, आणि त्याचा साखळीच्या रचनेतील बदलाशी काहीही संबंध नसेल.

म्हणून ट्रिप्सिनने तुकडे केल्यानंतर, वेचण्यापूर्वी, प्रत्येक नळीतून थोडा भाग बाजूला काढून तो तसाच यंत्रातून चालवावा आणि हॅप्टोग्लोबिनच्या साखळी नसलेल्या दोन-तीन पेप्टाइडांवरून प्रथिनाचे प्रमाण ठरवावे. हा भाग अनेक जण खर्च वाचवण्यासाठी गाळतात, कारण सुविधेत प्रत्येक रनचे पैसे पडतात. माझे स्पष्ट मत आहे की पैसे कमी असतील तर नमुने कमी करावेत, हा रन गाळू नये.

दुसरा पर्याय म्हणजे एकाच स्थानावरील सर्व साखळ्यांची बेरीज शंभर धरून प्रत्येकीचा वाटा काढणे. यात प्रथिनाचे प्रमाण आपोआप कटते, ही त्याची सोय. मात्र वाट्यांचा हिशेब बंद पेटीसारखा असतो: एक साखळी कमी झाली की बाकीच्यांचे वाटे, त्यांत काहीही बदल न होता, वर जातात. ‘सायलिक आम्ल नसलेल्या साखळ्या वाढल्या’ असे वाक्य लिहिण्यापूर्वी त्या खरोखर वाढल्या की दुसऱ्या कोणी जागा सोडली, हे मूळ क्षेत्रफळांवरून पाहावे लागते.

तपासणीची किल्ली: प्रत्येक नळीत तेच फेटुइन

दोष आजारात आहे की आपल्या हातात, हे ठरवण्यासाठी आम्हाला सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती साधी आहे. गायीच्या फेटुइन या प्रथिनाचे एकच द्रावण तयार करून, ट्रिप्सिन घालण्यापूर्वी, प्रत्येक सीरम नमुन्यात सारख्या प्रमाणात मिसळायचे. गायीच्या फेटुइनमध्ये नायट्रोजनमार्गे जोडलेल्या साखळ्यांची तीन स्थाने आहेत, त्या साखळ्यांवर सायलिक आम्ल भरपूर असते, आणि त्याचे पेप्टाइड माणसाच्या प्रथिनांपासून वेगळे ओळखता येतात; एल-सी-पी-डी-सी-पी-एल-एल-ए-पी-एल-एन-डी-एस-आर (एक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल) हा तुकडा त्यासाठी चांगला आहे. सर्व नळ्यांत फेटुइन एकच असल्याने त्यातील सायलिक आम्लाचा वाटाही सर्वत्र एकच यायला हवा. तो नळीगणिक बदलत असेल तर आजाराबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला अजून मिळालेला नाही. तो स्थिर असेल आणि हॅप्टोग्लोबिनमधील वाटा मात्र बदलत असेल, तर दोष रक्त घेण्याच्या टप्प्यावर आहे किंवा फरक खरा आहे.

याच कामासाठी काही जण रायबोन्यूक्लिएज-बी सुचवतात, कारण त्यात एकच स्थान आहे आणि त्यावर मॅनोज या शर्करेच्या पाच ते नऊ घटकांच्या साखळ्या ठरावीक प्रमाणात असतात. प्रथिन उत्तम आहे, पण ट्रिप्सिनने कापल्यावर त्याचा साखळी असलेला तुकडा अवघ्या चार अमिनो आम्लांचा, एन-एल-टी-के, इतकाच उरतो आणि सी-१८ या पाणी टाळणाऱ्या पदार्थावर क्षार काढताना तो पाण्याबरोबर निघून जाऊ शकतो. शिवाय त्यावर सायलिक आम्ल नाही, त्यामुळे आपल्या अडचणीला ते आरसा दाखवत नाही.

आमच्या तिन्ही खेपांचे उरलेले सीरम घेऊन, फेटुइन मिसळून, आम्ही काम पुन्हा केले. फेटुइनचा आकडा नळीगणिक हलला, आणि आश्चर्य म्हणजे तो गटानुसार हलला. मधुमेही गटाच्या नळ्या एका दिवशी वाळवल्या होत्या आणि दुसऱ्या गटाच्या दुसऱ्या दिवशी, एवढेच त्याचे कारण होते.

वाळवलेली नळी खरोखर वाळलेली असते का?

ग्लायकोपेप्टाइडे वेचण्यासाठी आम्ही हिलिक पद्धत, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पदार्थावर रेणू धरून ठेवण्याची पद्धत, वापरतो. पिपेटच्या टोकात औषधी कापसाचा छोटा बोळा बसवायचा, ८० टक्के ॲसिटोनायट्राइल आणि थोडे ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल असलेल्या पाण्यात विरघळवलेली पेप्टाइडे त्यावरून अनेकदा वर-खाली करायची, न चिकटलेली धुऊन टाकायची आणि चिकटलेली साध्या पाण्याने उतरवून घ्यायची. शर्करासाखळी पाण्यावर जीव लावणारी असते. भोवती ॲसिटोनायट्राइल जास्त असले की कापसाच्या तंतूंवरील पाण्याच्या थराला ती धरून बसते. हे धरून बसणे पूर्णपणे त्या ८० टक्क्यांवर अवलंबून आहे.

आता हिशेब पाहा. आधीच्या टप्प्यात क्षार काढून पेप्टाइडे व्हॅक्यूम कॉन्सन्ट्रेटरमध्ये वाळवलेली असतात आणि त्या नळीत आपण ८० टक्क्यांचे १०० मायक्रोलिटर मिश्रण घालतो. नळी पूर्ण कोरडी असेल तर ८० टक्केच राहतात. तळाशी ५ मायक्रोलिटर पाणी उरले असेल तर प्रमाण ७६ टक्क्यांवर येते. २० मायक्रोलिटर उरले असेल तर १२० मध्ये ८०, म्हणजे ६७ टक्क्यांच्याही किंचित खाली. एवढ्या पाण्यात लहान, सायलिक आम्ल नसलेल्या साखळ्यांची पकड आधी सुटते आणि त्या निथळून जातात. मोठ्या आणि सायलिक आम्ल असलेल्या साखळ्या तुलनेने टिकतात. परिणामी ओलसर राहिलेल्या गटात सायलिक आम्लाचा वाटा ‘वाढलेला’ दिसतो. कोणत्या दिवशी कोणता गट ओलसर राहिला यावर फरकाची दिशा ठरते, आणि आमच्या उलटसुलट निकालांचा मोठा भाग इथेच होता.

नळी ओलसर का राहिली, याचे उत्तर रसायनशास्त्रात नव्हते. एका शनिवारी देखभालीसाठी भागातील वीज बंद होती, कॉन्सन्ट्रेटर मध्येच थांबला, वीज परत आल्यावर तो पुन्हा सुरू केला गेला, पण आधीचा वेळ धरून, त्यामुळे निर्वात अवस्थेतील एकूण काळ कमी पडला. नळी उजेडात धरली तर कोरडी वाटत होती. तळाच्या निमुळत्या भागातील पंधरा-वीस मायक्रोलिटर पाणी पारदर्शक प्लॅस्टिकमधून सहज दिसत नाही. नळी टिचकीने उलटी झटकली तरच एक बारीक थेंब भिंतीवर सरकताना दिसतो. तो थेंब एकदा पाहिल्यावर आमच्यातील कोणीही नुसत्या नजरेवर विश्वास ठेवत नाही.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही स्वस्त आहेत. पहिला म्हणजे रिकाम्या नळीचे वजन आधीच करून तिच्यावर लिहून ठेवणे. क्षार काढलेल्या पेप्टाइडांचे वजन या कामात मिलिग्रॅमच्याही खाली असते, त्यामुळे वाळवल्यानंतर नळी पंधरा-वीस मिलिग्रॅमने जड भरली तर ते पाणीच आहे. दुसरा, मिश्रण एकदम घालण्याऐवजी पेप्टाइडे आधी मोजून २० मायक्रोलिटर आम्लयुक्त पाण्यात विरघळवावीत आणि मग ८० मायक्रोलिटर ॲसिटोनायट्राइल घालावे. यामुळे पेप्टाइडे नीट विरघळतात, पण नळी कोरडी असेल तरच ८० टक्के साधतात, हे विसरू नये. तिसरा, मिश्रण त्याच दिवशी ताजे करावे. एप्रिल-मे महिन्यात दुपारी टेबलावर झाकण उघडे राहिलेल्या छोट्या कुपीतून ॲसिटोनायट्राइल पाण्याच्या आधी उडते, आणि सकाळी पहिल्या नळीला मिळालेले मिश्रण संध्याकाळी शेवटच्या नळीला मिळत नाही.

दोष याच टप्प्यावर आहे हे सिद्ध करायचे असेल, तर निथळलेला द्राव फेकू नका. तो वाळवून तसाच चालवा आणि तुकडे केलेल्या वर्णपटांत, म्हणजे यंत्रात रेणू तोडून मिळालेल्या आलेखांत, २०४.०८७ (वस्तुमान भागिले विद्युतभार) हा आयन शोधा. तो एन-ॲसिटिलहेक्सोसामीन या साखळीतील शर्करेचा आहे, म्हणजे जिथे तो ठळक आहे तिथे साखळी होती. निथळलेल्या द्रावात तो वारंवार दिसला तर तुमचा कापूस हातचे सोडून देत आहे. कापसाचा बोळाही डोळ्यांनी ‘तेवढाच’ घेऊ नये, वजन करून घ्यावा. आणि औषधाच्या दुकानातील कापसाचे नवे पाकीट उघडले तर ते दोन्ही गटांसाठी एकाच वेळी वापरायला सुरुवात करावी.

कापूस नको म्हणून लेक्टिन, म्हणजे शर्करा धरणारी प्रथिने, वापरणाऱ्यांना हा पाण्याचा त्रास होत नाही, पण लेक्टिन आवडीनिवडीचे असते. फणसाच्या बियांतून मिळणारे जॅकॅलिन ऑक्सिजनमार्गे जोडलेल्या साखळ्यांकडे झुकते आणि गव्हाच्या अंकुरातील लेक्टिन एन-ॲसिटिलग्लुकोसामीन व सायलिक आम्लाकडे. तुलनेसाठी असा पक्षपात कधी सोयीचा असतो, पण ‘एकूण चित्र’ म्हणून तो मांडता येत नाही.

याच टप्प्यावर दुसरी एक चूक दडलेली असते, आणि ती पहिलीच्या विरुद्ध दिशेने काम करते. सायलिक आम्लाचा बंध आम्लात आणि उष्णतेत सहज तुटतो. ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल असलेला द्राव लवकर वाळावा म्हणून कॉन्सन्ट्रेटरचा हीटर चालू ठेवला, तर पाणी कमी होत जाते तसे आम्ल संहत होत जाते आणि सायलिक आम्ल गळते. हीटर बंद ठेवावा, वेळ लागला तरी चालेल. वाळवलेली पेप्टाइडे कोरडीच साठवावीत, आम्लात विरघळवून आठवडाभर ठेवू नयेत, आणि यंत्राच्या ट्रेचे तापमान ४ ते ८ अंशांवर ठेवण्याची विनंती सुविधेला आधीच करावी.

यंत्रात शिरताना तुटलेली साखळी कशी ओळखावी?

फेटुइनचा आकडा नळ्यांत स्थिर झाला, तरी एका खेपेपासून दुसऱ्या खेपेपर्यंत तो सरकत होता. म्हणजे नमुने आता सारखे तयार होत होते, पण यंत्र त्यांना सारखे वागवत नव्हते. सुविधेत फोन केला तेव्हाचे संभाषण जवळजवळ असे झाले. “सर, मागच्या महिन्यात आयन तयार करणाऱ्या स्रोताचे व्होल्टेज आणि तापमान होते तेच या वेळीही होते ना?” “नाही हो मॅडम, मध्ये स्रोत साफ केला, आणि दुसऱ्या एका गटासाठी आयन आत नेणारी सेटिंग थोडी वाढवली होती. पेप्टाइडांना काही फरक पडत नाही.” साध्या पेप्टाइडांना खरोखरच पडत नाही. सायलिक आम्ल असलेल्या ग्लायकोपेप्टाइडांना पडतो, कारण एवढ्या धक्क्याने त्यांचे टोक गळून पडते आणि यंत्राला मुळातच सायलिक आम्ल नसलेली साखळी आल्याचा भास होतो.

हे ओळखण्याची खूण फार सुंदर आहे. सी-१८ कॉलमवर, फॉर्मिक आम्ल वापरले असता, सायलिक आम्ल असलेले ग्लायकोपेप्टाइड त्याच्या सायलिक आम्ल नसलेल्या भावंडापेक्षा उशिरा बाहेर येते. हॅप्टोग्लोबिनच्या १८४ क्रमांकाच्या ॲस्पॅराजिनवरील पेप्टाइड घ्या. ते एम-व्ही-एस-एच-एच-एन अशा अक्षरांनी सुरू होते आणि दोन सायलिक आम्लांच्या द्विशाखी साखळीसह त्याचे वस्तुमान सुमारे ४८८३.१६ डाल्टन (रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) भरते. चार भार असताना ते १२२१.८० ला दिसते आणि एक सायलिक आम्ल, म्हणजे २९१.०९५ डाल्टन, गेल्यास ११४९.०२ ला. या दोन आकड्यांचे आलेख एकाखाली एक काढा. ११४९.०२ चे एक शिखर आधी आणि एक नेमके १२२१.८० च्या शिखराखाली, त्याच आकाराचे, आले असेल, तर आधीचे खरे आणि नंतरचे यंत्रात तुटलेले. बेरीज करताना नंतरचे शिखर दोन सायलिक आम्लांच्या खात्यात परत टाकावे किंवा निदान सोडून द्यावे. सॉफ्टवेअर हे स्वतःहून करत नाही. ते दोन्ही शिखरांना एकच नाव देऊन मोकळे होते.

ही खूण ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्लाच्या प्रवाहात चालत नाही, कारण तिथे ही भावंडे बहुधा एकाच वेळी बाहेर येतात. सेटिंगबाबत सुविधेतील मंडळींशी वाद घालण्यापेक्षा फेटुइनचे असेच दोन आलेख त्यांना दाखवावेत. आमच्या बाबतीत त्यानंतर सेटिंग लेखी नोंदली जाऊ लागली.

वजन सारखे, रेणू वेगळे

आता यंत्रातून आलेल्या फायलीकडे. येथे चुका मोठ्या हुशारीने लपतात, कारण शर्करांच्या वस्तुमानांची गणिते एकमेकांत मिसळतात.

१८४ क्रमांकाच्या त्याच पेप्टाइडाच्या सुरुवातीला मेथिओनिन आहे, आणि नमुना तयार करताना मेथिओनिनवर ऑक्सिजन चढणे ही रोजची गोष्ट आहे. ऑक्सिजनचे १५.९९५ डाल्टन फ्यूकोज या शर्करेच्या १४६.०५८ मध्ये मिळवले की बरोबर हेक्सोजचे (ग्लुकोजसारख्या सहा कार्बनच्या शर्करेचे) १६२.०५३ होतात; दोघांची अणुसूत्रेच सारखी पडतात, त्यामुळे कितीही अचूक यंत्र आणले तरी केवळ वस्तुमानावरून फरक कळणार नाही. याच न्यायाने सायलिक आम्लाच्या माणसातील नेहमीच्या रूपावर, म्हणजे न्यू-५-एसीवर, पेप्टाइडातील ऑक्सिजनची भर पडली की सॉफ्टवेअर न्यू-५-जीसी जाहीर करते. माणसाच्या शरीरात न्यू-५-जीसी बनवणारे जनुक निकामी आहे. मानवी सीरममध्ये ते ठळकपणे आले तर आधी मेथिओनिनकडे आणि मग गायीच्या सीरमच्या मिसळीकडे बोट दाखवावे. आमच्यासारखे मुद्दाम गायीचे फेटुइन घालणाऱ्यांनी तर अधिक सावध राहावे. मेथिओनिनचे ऑक्सिडीकरण शोधयादीत घातले नाही, तर सॉफ्टवेअरला दुसरे उत्तर सुचतच नाही.

दुसरी जोडी म्हणजे दोन फ्यूकोज आणि एक सायलिक आम्ल. त्यांच्यात १.०२०४ डाल्टनचा फरक आहे, आणि कार्बनच्या जड समस्थानिकामुळे होणारा फरक १.००३४ चा. पाच हजार डाल्टनच्या जवळपासच्या रेणूत सर्वांत हलके समस्थानिक शिखर सर्वांत उंच नसते, त्यामुळे सॉफ्टवेअर पुष्कळदा एक पायरी चुकते. ती पायरी चुकली की उरलेला फरक ०.०१७ डाल्टन, म्हणजे ४८८३ वर दशलक्षात साडेतीन भाग. दहा भागांची मोकळीक दिली असेल तर दोन्ही उत्तरे आत बसतात. तिसरी जोडी अमोनियाची आहे: सायलिक आम्ल अधिक अमोनिया ३०८.१२२, आणि हेक्सोज अधिक फ्यूकोज ३०८.१११. अमोनियम बायकार्बोनेट नीट उडवले नाही किंवा प्रवाहात अमोनियम फॉर्मेट असेल तर ही गफलत होते.

यावर उतारा एकच, तुकडे केलेल्या वर्णपटात सायलिक आम्लाचे स्वतःचे आयन पाहणे. २७४.०९२ आणि २९२.१०३ हे दोन आयन ठळक असतील तर सायलिक आम्ल आहे. सायलिक आम्लाचे नाव लागले आहे पण हे आयन औषधालाही नाहीत, तर ते नाव खोडावे.

हॅप्टोग्लोबिनमध्ये आणखी एक गाठ आहे. २०७ आणि २११ ही दोन स्थाने ट्रिप्सिनने कापलेल्या एकाच पेप्टाइडावर, एन-एल-एफ-एल-एन-एच-एस-ई-एन-ए-टी-ए-के वर, येतात. दोन्ही स्थानी साखळी असेल तर यंत्र केवळ बेरीज सांगते, वाटणी सांगत नाही. मधल्या ग्लुटामिक आम्लानंतर कापणारे ग्लू-सी हे विकर ट्रिप्सिनच्या जोडीला वापरले की दोन्ही स्थाने वेगळी होतात. ते न वापरता ‘२०७ वर बदल दिसला’ असे लिहिलेले अहवाल मी पाहिले आहेत. ते कोणत्या आधारावर लिहिले, हे मला समजलेले नाही.

मधुमेहाच्या तुलनेत तर एक विशेष सापळा आहे. रक्तातील ग्लुकोज कोणत्याही विकराशिवाय प्रथिनांच्या लायसिनवर आणि टोकावरच्या अमिनो गटावर चढते. एचबीए-१-सी ही रोजच्या ओळखीची तपासणी यावरच उभी आहे. या चढलेल्या ग्लुकोजचे वस्तुमानही १६२.०५३ च, म्हणजे साखळीतील एका जादा हेक्सोजइतके. मधुमेही गटात ‘एक हेक्सोज जास्त असलेल्या साखळ्या वाढल्या’ असा निष्कर्ष निघाला, तर प्रथम हे पाहावे की त्या पेप्टाइडात मध्येच एखादे न कापलेले लायसिन आहे का. ग्लुकोज चढलेल्या लायसिननंतर ट्रिप्सिन कापत नाही. शिवाय असे पेप्टाइड तोडले की त्यातून पाण्याचे तीन रेणू, म्हणजे ५४ डाल्टन, किंवा ८४ डाल्टन गळताना दिसतात. साखळीतील हेक्सोज तसे वागत नाही. आमच्या पहिल्या अहवालातील दोन ‘नव्या’ साखळ्या या कसोटीवर गळाल्या.

इम्युनोग्लोब्युलिन-जी या प्रतिपिंडावर काम करणाऱ्यांना हाच प्रकार वेगळ्या वेशात भेटतो. उपवर्ग एकच्या पेप्टाइडात टायरोसिन आहे तिथे उपवर्ग चारमध्ये फेनिलॲलानिन, फरक पुन्हा एका ऑक्सिजनचा. त्यामुळे फ्यूकोज असलेली उपवर्ग एकची साखळी आणि फ्यूकोजऐवजी एक हेक्सोज असलेली उपवर्ग चारची साखळी यांचे वस्तुमान तंतोतंत एक होते. तिथे बाहेर येण्याची वेळच काय ती मदत करते.

सॉफ्टवेअरचे उत्तर हे एक मत आहे

हॅप्टोग्लोबिनच्या एकाच फायलीवर दोन सॉफ्टवेअर चालवली की दोन याद्या मिळतात, आणि त्या पूर्ण जुळत नाहीत. यात आपलाच काही दोष आहे असे समजू नये: २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय तुलनेत २२ गटांना मानवी सीरमच्या त्याच फायली दिल्या होत्या आणि उत्तरे लक्षणीयरीत्या वेगळी आली होती. शोधात घातलेली साखळ्यांची यादी जेवढी लांब, तेवढी चुकीची नावे लागण्याची शक्यता जास्त. मानवी सीरमसाठी न्यू-५-जीसी, झायलोज आणि तीन-तीन फ्यूकोजच्या साखळ्या यादीतून काढून टाकाव्यात. फेटुइनसाठी वेगळा शोध घ्यावा. पेप्टाइडाच्या चुकीचा दर आणि साखळीच्या चुकीचा दर वेगवेगळा तपासणारे सॉफ्टवेअर असेल तर तेच निवडावे. ज्या दहा-पंधरा ग्लायकोपेप्टाइडांवर निष्कर्ष उभा आहे त्यांचे वर्णपट मात्र स्वतः उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

नळ्यांचा क्रम

गट ‘अ’ आधी आणि गट ‘ब’ नंतर असा क्रम कोणत्याही टप्प्यावर असू नये: वाळवताना नाही, कापसावरून नेताना नाही आणि यंत्रात घालतानाही नाही. आम्ही नळ्यांच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या काढतो आणि त्या क्रमाने काम करतो. कॉन्सन्ट्रेटरच्या प्रत्येक फेरीत दोन्ही गटांच्या नळ्या असतात, त्यामुळे वीज गेली तर ती दोघांचीही जाते. सर्व सीरमांचा थोडा-थोडा भाग एकत्र करून केलेला मिश्र नमुना दर सहा-सात रननंतर चालवला जातो. या मिश्र नमुन्याच्या दोन नळ्या सुरुवातीपासून वेगवेगळ्या तयार केलेल्या असाव्यात. त्या दोघींमध्ये जेवढा फरक येतो, तेवढ्यापेक्षा लहान फरक दोन गटांत आला तर तो अहवालात लिहिण्याजोगा नाही.

सीरम गुलाबी दिसत असेल, म्हणजे रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या असतील, तर तो नमुना आम्ही बाजूला ठेवतो. हॅप्टोग्लोबिन हिमोग्लोबिनला घट्ट धरते, आणि प्रतिपिंड वापरून ते वेगळे काढणाऱ्यांना अशा नमुन्यात हाती किती लागेल याची खात्री उरत नाही.

तरीही फरक उरला तर

हे सर्व करूनही सायलिक आम्लाचा फरक टिकला, तर त्याच नमुन्यांचा एक भाग सायलिडेजने उपचारावा. हे विकर सायलिक आम्ल काढून टाकते, त्यामुळे शून्य, एक आणि दोन सायलिक आम्लांची तिन्ही भावंडे एकाच शिखरात गोळा होतात. फरक केवळ सायलिक आम्लाचा असेल, तर उपचारानंतर दोन्ही गटांची ही शिखरे, प्रथिनाच्या प्रमाणाने भागल्यावर, सारखी भरतील. ती सारखी भरली नाहीत, तर फरक शाखांच्या संख्येत, फ्यूकोजमध्ये किंवा स्थान भरलेले असण्यातच आहे. स्थान भरलेले आहे का, हे पाहण्यासाठी पीएनगेज-एफ या विकराने साखळी ऑक्सिजन-१८ च्या पाण्यात काढावी. त्या जागी २.९८८ डाल्टनची भर पडते आणि ॲस्पॅराजिनच्या आपोआप होणाऱ्या बदलातील ०.९८४ पासून ती वेगळी ओळखता येते.

आमच्या नमुन्यांत सायलिडेजनंतरची शिखरे दोन्ही गटांत जुळली, आणि सायलिक आम्लाचा मूळ फरक मिश्र नमुन्याच्या दोन नळ्यांमधील फरकाएवढाच उरला. म्हणून तो अहवालातून काढला. लायसिनवर चढलेल्या ग्लुकोजचा फरक मात्र सर्व खेपांत एकाच दिशेने आला आहे, आणि सध्या नळ्यांचे वजन करून, हीटर बंद ठेवून, त्याचीच मोजणी चालू आहे.